वर्षाचा बार

आमच्या घरी खंडेनवमीला बंदुकीची पूजा करण्याची एक ठरलेली रीत होती. वडील आधी अंगणात उभे राहून डोंगराच्या दिशेने एक बार काढत. त्याला आम्ही ‘वर्षाचा बार’ म्हणत असू. मग नळी गरम असतानाच ते बंदूक कमरेशी आडवी धरून तुळशीपाशी उभ्या असलेल्या आईसमोर करत, आणि आई नळीच्या तोंडाला आधी हळद, मग कुंकू लावी. त्यानंतर झेंडूची माळ पडे आणि बंदूक पाटावर जाई. बार आधी आणि पूजा नंतर, हा क्रम कोणी घालून दिला ते कोणाला ठाऊक नव्हते. त्यामागचे शहाणपण मला फार उशिरा उमगले. आमची बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे गजाने ठासायचे, मागे ठिणगी पाडणारी केप बसवायची आणि चाप ओढायचा. एकदा उडाली की पुन्हा ठासेपर्यंत ती निव्वळ काठी. बाहेरून पाहून ती भरलेली की रिकामी हे कळत नसे. उडवणे हीच खात्री. तेव्हा जिच्या तोंडासमोर घरच्या बाईने उभे राहायचे, ती आधी चारचौघांसमक्ष रिकामी करायची, एवढाच त्या रीतीचा अर्थ असावा.

गोवा मुक्त झाल्यानंतरच्या काही वर्षांत त्या ठासणीच्या बंदुकीची नळी तडकली. आमची शेती डोंगराच्या पायथ्याशी होती, आणि भात पोटरीला आले की रानडुकरे एका रात्रीत शेताचे कुणगे लोळवून टाकत. बंदुकीवाचून चालण्यासारखे नव्हते. वडिलांचा परवाना जुना होता. गोव्यातील एक जमीनदार कुटुंब सामान मोडीत काढत होते. त्यांच्याकडची एक काडतुसांची बंदूक कचेरीतले सर्व सोपस्कार करून आमच्या घरी आली. ती आपोआप भरणारी होती. एक बार झाला की रिकामे काडतूस स्वतःच बाहेर फेकी आणि पोटातले दुसरे पुढे घेई. अशी वस्तू आम्हांला परवडली याचे कारण तिची दशा. लाकडी दस्ता चिरलेला, नळीवर गंज, नेम धरायची पुढची माशी गळून पडलेली, आणि चाप इतका घट्ट की वडिलांच्या सांधे धरलेल्या बोटाने तो ओढवेना.

मी तेव्हा कणकवलीच्या एका शाळेत चित्रकला आणि हस्तव्यवसाय शिकवत होतो. लाकूड हाती आले की मला इतर कशाचे भान राहत नसे. शनिवारी एस.टी.ने घरी यायचो आणि रविवारचा सारा दिवस पडवीत त्या बंदुकीसमोर बसायचो. मोडलेल्या पलंगाच्या शिसवी पाटीतून नवा दस्ता कोरला. वडील ठेंगणे, म्हणून तो आखूड ठेवला. त्यांचा गाल जिथे टेकेल तिथे किंचित खोलवा दिला. खांद्याला धक्का लागू नये म्हणून मागच्या टोकाला टायरच्या चपलेचा तळ बसवला. खोबरेल आणि चाळलेली राख घेऊन नळी घासली. आमच्या बैलाच्या घुंगुरमाळेतला पितळी मणी माशीच्या जागी आला. आणि चाप हलका केला. तो कसा केला हे मी येथे लिहिणार नाही. ते काम घरी करण्याचे नव्हतेच.

वडिलांचे चुलतभाऊ, आमचे काका, शेजारच्याच घरात राहत. त्यांची स्वतःची ठासणीची बंदूक होती आणि आमच्या नव्या वस्तूची त्यांना रोज खबर लागे.

“मास्तरानू, बंदूक बनवतास काय व्हकल सजवतास?” बंदुकीला नवरी ठरवून ते खळ्यातूनच विचारत. “हळद लावची तेवढी रवली!”

“तुझी बरी,” वडील सुपारी कातरत म्हणत. “पावसात भिजली की शिंकता फकस्त.”

“आणि ही म्हणे आपणच भरता! मगे डुकराक हाक पण आपणच मारतली.”

मी वडिलांना बंदुकीचे सारे काम समजावून सांगितले होते. एकदा नव्हे, पुष्कळदा. ते मान डोलावत. “एक गेलो की दुसरो तयार. समाजला रे माका. मी काय शाळेतलो पोर आसंय?”

खंडेनवमीच्या सकाळी मी तिच्यात तीन काडतुसे भरली. काकांना तिची करामत दिसावी, वडिलांनी लागोपाठ तीन बार काढावेत आणि काका निदान त्या दिवसापुरते गप्प व्हावेत, अशी माझी इच्छा. वडिलांनाही ती सांगितली होती. “बघूया,” एवढेच ते म्हणाले.

ऊन अंगणात उतरले होते. आई नेसूचे नवे लुगडे सावरत तुळशीपाशी उभी राहिली. हळदीची आणि कुंकवाची वाटी वृंदावनाच्या कठड्यावर होती. काका पायरीवर बसले होते. वडिलांनी डोंगराकडे नळी करून चाप ओढला. बार झाला, माडांवरचे कावळे उठले, रिकामे काडतूस उडून काकांच्या पायाशी पडले आणि काका खरोखरच दचकून मागे सरले. वडील हसले. आणि मग, जन्मभर जसे केले तसेच, त्यांनी बंदूक खाली घेतली, कमरेशी आडवी धरली आणि आईसमोर केली.

त्या क्षणी मी काय करत होतो, हे मी स्वतःला अनेक वर्षे विचारले आहे. मी दस्ता पाहत होतो. शिसवाच्या रेषांवर ऊन पडले होते आणि त्या मला सुंदर दिसत होत्या. पोटात आणखी दोन काडतुसे आहेत, त्यांतले एक पुढे सरकलेलेही आहे, हे त्या अंगणात माझ्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. तरीही बार ऐकताच माझ्या मनाने ती बंदूक रिकामी मानली. बार झाला म्हणजे रिकामी, हे आमच्या कानांतच बसलेले होते.

आईने नळीच्या तोंडाला हळद लावली. कुंकवाची वाटी घेण्यासाठी ती कठड्याकडे वळली, आणि वाटी हातात येते तोच दुसरा बार झाला.

धूर आणि माती एकदम उडाली. वृंदावनाचा कोपरा उडून गेला होता, तुळस मुळापासून तुटली होती. आई त्याच जागी उभी होती, आणि तिच्या गळ्यापासून लुगड्याच्या निऱ्यांपर्यंत सगळे लाल होते. वडिलांच्या हातून बंदूक गळाली. “गेली!” ते म्हणाले. ओरडले नाहीत, अगदी हलक्या आवाजात, जणू कोणाला कळवावे तसे म्हणाले. “गेली रे!”

आईने स्वतःकडे पाहिले. हाताने लाल भुकटी झटकली. तेव्हा मला दिसले की ते कुंकू आहे.

“काय झाला?” तिने विचारले. आवाज फार मोठा होता. “तोंडा हलवतास नुसती, बोलणास नाय ते! माका काय आयकाक येना नाय.”

तेवढ्यात काका पायरीवरून उठले. ते भले गृहस्थ. घाबरलेल्या भावाला हातभार लावावा म्हणून पुढे आले, आणि जमिनीवर पडलेली बंदूक नळीच्या टोकाला धरून स्वतःकडे ओढू लागले.

“असू दे, असू दे,” ते म्हणत होते. “आता झाली रिकामी.”

मी हळू बोलणारा माणूस. वर्गातही माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नाही अशी माझी ख्याती. त्या दिवशी मी जसा ओरडलो तसा आधी कधी ओरडलो नव्हतो आणि नंतरही नाही. शब्द काय होते ते आठवत नाही. काका नळी सोडून मागे कोलमडले. मी बंदूक बाजूला वळवली, उघडली, आणि तिसरे काडतूस मातीत पडले. ते पाहून काकांचे तोंड उघडे राहिले. मग ते घरी गेले. त्यानंतर त्यांनी आमच्या बंदुकीची थट्टा कधी केली नाही.

वडील पायरीवर बसून होते. दुपारचे जेवण कोणी वाढले नाही. ते मधूनमधून एकच वाक्य म्हणत: “माका ठावक होता रे. माका ठावक होता.” मी त्यांच्याजवळ बसलो होतो. चाप मी हलका केला, काडतुसे मी भरली, हे मला त्यांना सांगायचे होते. पण ते त्यांनाही ठाऊकच होते. आखडलेले त्यांचे बोट चापाच्या कडीतच राहिले होते. जुना चाप असता तर कदाचित काहीच घडले नसते, आणि ते बोट तिथे आरामात पोहोचावे म्हणूनच मी दस्ता आखूड केला होता.

आईच्या उजव्या कानाचा पडदा फाटला होता. मालवणच्या डॉक्टरांनी पाहिले, औषध दिले. डावा कान काही दिवसांनी परत आला, उजवा आला नाही.

मी बंदूक विकायची म्हणालो. बंदुकीच्या बाबतीत वडील पुढे कधीच काही बोलले नाहीत. बोलली ती आई. “इकून काय करशीत? डुकरां काय तुझ्यासाठी उपाशी रवतली?” भात तयार झाले होते आणि तिचे म्हणणे खरे होते. त्या हंगामात शेतातल्या माळ्यावर राखणीला मी बसलो. चाप मी कोल्हापूरच्या कारागिराकडून पुन्हा घट्ट करून आणला होता.

पुढच्या खंडेनवमीला बंदूक बाहेर काढावी की नाही, हे विचारण्याचे मला धैर्य नव्हते. आईनेच पाट मांडला. वृंदावन चिरा बसवून दुरुस्त केले होते, त्यात नवी तुळस होती. वडील आत माजघरात होते.

“बार नको,” आई म्हणाली. “सगळा सुटा करून दाखय.”

मी बंदूक उघडली, काडतुसांची जागा तिला बोटाने चाचपू दिली, नळी सुटी करून तिच्या हातात दिली. तिने ती डोळ्याला लावून आभाळाकडे धरली. बराच वेळ पाहिले. मग मान न वळवता विचारले, “रिकामी आसा?”

मी तिच्या उजव्या बाजूला बसलो होतो. “आसा,” म्हणालो.

तिने हळदीच्या वाटीला हात लावला नाही. “काय?”

“रिकामी आसा, आये.”

“मोठ्यान सांग. ह्या कानान आयकाक येना नाय, ठावक आसा ना तुका?”

मी उठून डाव्या बाजूला जाऊ शकलो असतो. गेलो नाही. तिथेच बसून, माजघरातही ऐकू जाईल आणि शेजारच्या पडवीत काकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडून सांगितले, “आये, रिकामी आसा!”

मग तिने हळद लावली. वाटीतले कुंकू चिमटीत घेतले आणि तेही लावले.