पोर्टचं घराणं

रोवणीच्या दिवसांत ब्रह्मपुरीच्या कॉलेजात आमच्यासारख्या पोरी दिसत नाहीत. आम्ही बांधीत असतो, चिखलात वाकून धानाची रोपं लावत. गावात घरटी एक बाई रोवणीला गेलीच पाहिजे. आज तुमच्या बांधीत, उद्या आमच्या. हे ठाऊक असूनही इंग्रजीच्या सरांनी नेमका तेव्हाच स्पर्धा परीक्षेचा जादा वर्ग सुरू केला आणि गैरहजर पोरींची नावं काढून टाकली. मला तो वर्ग हवाच होता. बाहेर शिकवणी लावणं घरच्यांना झेपणारं नव्हतं.

मी लायब्ररीतलं एक पुस्तक पिशवीत गुंडाळून बांधावर ठेवलं होतं. त्यात इंग्रजी शब्द घराण्यांप्रमाणे लावलेले. एका पातीला, म्हणजे रोवायच्या एका पट्ट्याला, एक घराणं, असं आम्ही पाच जणींनी ठरवलं. लॅटिनमध्ये ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणं. त्यावरून आत आणलं ते इम्पोर्ट, बाहेर नेलं ते एक्सपोर्ट, माणसालाच देशाबाहेर काढलं तर डिपोर्ट. डोक्यावरून रोपांच्या पेंढ्या वाहणाऱ्या आम्हाला यात काय जड होतं? रट्टा मारायची गरजच पडली नाही. मागे सरकत सरकत पात संपायची, तोवर शब्दही संपलेले असायचे.

रोवणी उरकल्यावर आम्ही वर्गाच्या दारात उभ्या राहिलो. नाव परत हवं तर उत्तरं दे, असं सर मला म्हणाले आणि शब्द विचारत गेले. मी सांगत गेले. मग त्यांनी ‘पोर्शन’ विचारला. मी म्हटलं, हिस्सा. तोही पोर्टवरूनच आला, कारण कापणी झाली की आपल्या वाट्याचं धान आपणच डोक्यावर घरी नेतो. सगळा वर्ग हसला. अर्थ बरोबर पण घराणं वेगळं, असं सांगून सर म्हणाले की बांधीतलं शिक्षण असंच अर्धवट राहतं.

मला राग आला आणि तो मी लपवला नाही.

“चूक माही हाये, सर. पण थे इथी बसून सुधरन. दारात उभी राहून नाई.”

सर म्हणाले, “बस मग. तू एकटी.”

“मले एकटीले नाई बसाचं.”

बाकावर जागा नाही, असं ते म्हणाले. जागा खरंच नव्हती. आम्ही पाचही जणी आत गेलो आणि फळ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसलो. पुढचा शब्द लिहायला सरांना आमच्यामधून वाट काढत जावं लागलं.