फाट्याची करवंटी

आत्या गेल्याचं सुनंदावहिनीनं, म्हणजे तिच्या सुनेनं, फोनवर सांगितलं, तेव्हा रडू यायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता तिला ते सांगावं लागणार नाही... हे पहिलं मनात आलं. महिना उलटला, पण त्याची लाज काही जात नाही.

भिवपुरीजवळच्या तिच्या घरी सहा-सात मांजरं कायमची. सुक्या बोंबलाची डोकी कुस्करलेला भात सगळी एकाच परातीत जेवायची आणि आत्या शेजारी बसून कोण कुणाचं पोर ते मला सांगायची. मी मांजरांच्या विषाणूंवर पीएच.डी.ला लागलो, तेव्हा पहिले नमुने तिच्याकडचेच. ती मांजर मांडीत धरायची आणि शेजारणीला ऐकवायची, "आमची मांजरं पण आता कॉलेजात जातात गं."

एकदा शिळफाट्याच्या बाजारातून तिनं एक पिवळं पिल्लू पिशवीतून आणलं. नाव ठेवलं फाट्या. त्याचाही नमुना मी घेतला. पुढच्या महिन्याभरात घरची जुनी मांजरी ठकी आणि तिची दोन पोरं पोटं फुगून मेली. आत्याचा फोन आला. "ह्या पिल्लानं आणलं काय रं? तू शिकलेला हायस, तू सांग." नमुने अजून तपासलेही नव्हते. तरी मी शहाणा ऐटीत म्हणालो, "बहुतेक त्यानंच." दुसऱ्या दिवशी ती फाट्याला त्याच पिशवीत घालून बाजारात सोडून आली.

निकाल चार महिन्यांनी आला. हा विषाणू कितीतरी मांजरांच्या आतड्यात गपगुमान असतो. एखाद्याच्या अंगात वाढता वाढता तो बदलतो आणि जीवघेणा होतो. ते मारणारं रूप सहसा बाहेरून येत नाही, आतच घडतं. मेल्यावर घेतलेल्या नमुन्यांत ठकीचा आणि पोरांचा विषाणू एकाच घराण्यातला, फक्त प्रत्येकात आपापला बदल झालेला. फाट्याचा तर वेगळ्याच शाखेचा. पिल्लाचा काहीएक दोष नव्हता. त्यावर मी प्रबंधात आख्खं प्रकरण लिहिलं, शाबासकी घेतली, आणि आत्याला कळवलं नाही. कुठल्या तोंडानं कळवणार... तीन वर्षं तिच्या हातचा चहा पीत इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या.

तेराव्याला वहिनीला सगळं सांगून टाकलं. चुलीमागून एक करवंटी काढून तिनं माझ्यासमोर ठेवली.

"दर बाजाराला आई हिच्यात भात घेऊन शिळफाट्याला जायच्या, भावजी. पिवळं मांजर दिसलं की हाक मारायच्या. गुडघे गेले तरी सोडलं नाय."

"सापडला कधी?"

"नाय. तुमाला विचारणार होत्या, तपासणीचं काय झालं म्हणून. मग म्हणाल्या, राहू दे, पोरगं कामात असल."

करवंटी मी मागून आणली. प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर असते. कुणी विचारलं की फाट्याची, एवढंच सांगत आलो. आज तुम्हाला सगळं सांगितलं... पण जिला सांगायचं होतं, ती नाही.