वाडीखालची जमीन ऐकणाऱ्या उषाताई

उषाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाहूपुरीतल्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. प्रूफ तसंच टाकून बाहेर आले… त्याला दीड महिना झाला. शोकसभेत त्यांना ‘थोर शास्त्रज्ञ’ म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या नेमकं काय करायच्या हे माहीत होतं, असं उठून विचारावंसं वाटत होतं. विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते.

त्या मूळच्या मुरगूडच्या. नोकरीभर तेलाच्या शोधात जमिनीखालचे नकाशे काढले आणि निवृत्त होऊन कोल्हापुरात आल्या. तेव्हा राधानगरीकडच्या एका वाडीवर डोंगराला भेग पडली होती. पावसाआधी माणसं हलवा, ही आमच्या संघटनेची मागणी. ‘वरवरची भेग आहे,’ म्हणून सरकारी साहेब लोक हात झटकत होते. मी उषाताईंकडे गेले ती पुरावा मागायला. त्या आल्या. वाडीभर वायरी अंथरल्या, जमिनीची थरथर टिपणारे खुंटे रोवले आणि लोखंडी पाटावर घण मारायला लावला. घण पडताना सगळ्यांनी गप्प, जागेवर. आमच्या माणसांना हेच अवघड. वरच्या आळीतल्या बायाक्कांनी विचारलंच, “बाई, भुईला मारून काय इचारताय?”

“तुमच्या घराखाली काय हाय ते.”

“आन् सांगती व्हय ती?”

“सांगती की. तुम्ही बोलायचं थांबलासा की.”

घणाची लाट खडकातून झपाट्याने जाते, सैल ओल्या मातीतून रेंगाळते. पण खालची जमीन काही दिसत नाही. म्हणून कॉम्प्युटरवर अंदाजाने एक जमीन रचायची, तिच्यातून तशीच लाट सोडायची आणि खुंट्यांनी टिपलेल्या लाटेशी ताडून बघायची. जुळली नाही की जमीन थोडी बदलायची, पुन्हा लाट सोडायची… जुळेपर्यंत. अख्खी वाडी सैल मातीवर आहे, हा पहिला अंदाज माझा. उत्तरही तसंच आलं. मी पत्रकाचा मथळा लिहूनही टाकला, ‘अख्खी वाडी मरणाच्या दाढेत’. उषाताईंनी तो वाचला, आणि तेच गणित साहेबांच्या बाजूने, म्हणजे खाली सगळा खडक आहे असं धरून, पुन्हा सुरू केलं. उत्तर निराळंच निघालं.

मी भडकले. पाऊस तोंडावर आलाय, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात, असं तोंडावर विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “भलत्या ठिकाणाहून निघालं की गणित जवळच्या खड्ड्यात जाऊन बसतं गं. आणि त्याला वाटतं, पोचलो.”

आम्ही परत गेलो. या वेळी जड वजन टाकून संथ, लांब लाटा टिपल्या. आधी त्या जुळवून जमिनीचा ढोबळ आकार पक्का केला, बारीक लाटा मागाहून. आता कुठूनही निघालं तरी उत्तर एकच येत होतं. खालची आळी खडकावर, वरच्या आळीखाली पाणी धरलेला सैल थर. माझा मथळा खोटा होता, आणि साहेबांची ‘वरवरची भेग’ही. तो मथळा घेऊन गेलो असतो तर पहिल्याच प्रश्नाला आम्हाला हाकलून दिलं असतं. तुमचाच अंदाज धरून निघालो तरी हेच उत्तर येतं, असं म्हटल्यावर साहेबांना ते मानावंच लागलं. वरच्या घरांना खाली गायरानात जागा मिळाली.

बायाक्का मात्र हलेनात. सासऱ्याने बांधलेलं घर, भुई काय आजच सैल झाली व्हय, म्हणत होत्या. उषाताई त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या. “आज न्हाय झाली. पण आज मला कळलंय. आता मी तुम्हाला हितं झोपू देणार न्हाय.” आम्हा सगळ्यांना शिव्या घालत बायाक्का खाली गेल्या. त्याच पावसाळ्यात वरचा उतार खाली आला. ते घर आजही त्या मातीखाली आहे. आत कुणीही नव्हतं.

हे काम सरकारचं होतं. एका निवृत्त बाईला ते करावं लागलं याचा राग मला अजून आहे. पण बायाक्का आजही मला शिव्या घालतात, आणि त्या ऐकताना रागापेक्षा उषाताईंचे उपकारच जास्त आठवतात.

परवा राजारामपुरीतल्या त्यांच्या खोलीत गेले. त्यांच्या हाताखाली हे काम शिकलेली पोरं आता दुसऱ्या एका वाडीचं गणित करतायत. खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत कुणी बसत नाही. वाडीच्या बाजूचा अंदाज भरून झाला होता, विरुद्ध, म्हणजे साहेबांच्या बाजूचा भरायचा राहिला होता. तो नेहमी उषाताई भरायच्या. पोरं एकमेकांकडे बघत थांबली होती. त्या वाडीला धोका आहे याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही… मी खुर्चीत बसले, कीबोर्ड जवळ ओढला आणि सगळ्या वाडीखाली खडक भरला.