कानाने निवडलेला लॅपटॉप

आमच्या गल्लीत कोणाच्या कुकरची शिट्टी कोणत्या सुरात वाजते, हे नानांना पाठ होतं. "वहिनी, तुमना कुकर पंचमले लागस," असं त्यांनी एकदा माझ्या आईला सांगितलं, तेव्हापासून आई त्या कुकरला जरा जपूनच घासायची. नाना चोपड्यातले आमचे शेजारी, बँडमास्तर. लाल कोट घालून, क्लॅरिओनेट वाजवत ते वरातीत सगळ्यांच्या पुढे चालायचे आणि त्यांच्या डाव्या हाताला खेटून मोठा ढोल असायचा. त्या ढोलाने चाळीस वर्षांत त्यांचा डावा कान खाल्ला. साठीनंतर उजवाही कुरकुरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वर्षभर टिकला तर टिकला.

हे ऐकून नाना घरी न जाता थेट माझ्याकडे आले. मी गावातल्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे गल्लीच्या लेखी मला विमानसुद्धा दुरुस्त करता येतं. नानांच्या स्वतःच्या चाली होत्या, हळदीची, वेशीवरच्या स्वागताची, पाठवणीची. त्या सगळ्या वह्यांमध्ये होत्या, पण नानांच्या खुणांत. टिंबं, काटकोन, मधेच बदकासारखं काहीतरी. त्यांच्याखेरीज कोणालाही ते वाचता यायचं नाही. पाच रेघांवर स्वर मांडले की छापूनही देतो आणि वाजवूनही दाखवतो, असा प्रोग्रॅम असतो, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं.

"कान शेत तवपर्यंत बठ्ठं लिखी ठेवनं शे," ते म्हणाले. कान आहेत तोवर सगळं उतरवायची घाई होती त्यांना. "मंग चूक व्हई तरी माले कळणार नही."

जळगावला जाऊन लॅपटॉप मी निवडला. हुशारी माझी. वेगवान, भरपूर मेमरी, मुलं खेळ खेळायला घेतात तसला दणकट. त्याचे स्पीकर ऐकून नानाही खूश झाले, कारण बँडवाल्याला आवाज मोठा असला की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. तिसऱ्या दिवशी तो टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. चेहरा उतरलेला. हळदीची चाल मी पहिल्याच दिवशी मांडून दिली होती, पण ते घरी गुणगुणून ताडून बघायचे तेव्हा बेसूर लागायची. दोन दिवस ते स्वतःच्या कानाला दोष देत बसले होते.

"माले वाटनं, कान गयात," ते म्हणाले. "हाऊ पंखा शे आतला, तो तंबोरासारखा गुणगुणस. मी त्यालेच सा धरी बठनू."

लॅपटॉपच्या पंख्याला षड्ज मानून बसलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. दोन दिवस ते किती घाबरले असतील.

लॅपटॉप बदलून घ्यायला आम्ही परत जळगावला गेलो. मे महिना, दुपारची वेळ. नानांनी दुकानदाराला एसी आणि पंखे बंद करायला सांगितले.

"नाना, बाहेर चव्वेचाळीस डिग्री आहे," तो म्हणाला.

"याच उनमा मी कोट घाली वाजाडस," नाना म्हणाले. "तुम्ही बठी ऱ्हा."

घामाने निथळत आम्ही सगळे गप्प उभे, आणि नाना एकेका लॅपटॉपवर उजवा कान टेकवून ऐकत होते. अकरा ऐकले. शेवटी एका साध्या, आत पंखाच नसलेल्या लॅपटॉपवर थोपटून म्हणाले, "हाऊ चूप बठस." मी मेमरी तपासली, पडद्यावर बँडमधल्या सगळ्या वाद्यांच्या ओळी एकदम दिसतात का ते बघितलं. दोन्ही ठीक होतं.

मग रोज संध्याकाळी नाना गायचे आणि मी माउसने स्वर मांडायचे. नुसता स्वर सांगून त्यांचं भागायचं नाही. "आठे पोर मांगे वळी देखस, सूर लगेच सोडू नको," असं पाठवणीच्या चालीत म्हणाले, तेव्हा मला माझ्याच लग्नात मी मागे वळून बघितलं होतं ते आठवलं. दिवाळीपर्यंत ते स्पीकरला कान चिकटवून ऐकायला लागले होते.

पाठवणीची चाल सर्वांत शेवटी झाली. मी वाजवली. पडद्यावर सरकणाऱ्या रेघेकडे बघत नाना मांडीवर बोटाने ताल धरत होते. संपल्यावर मान डोलावून म्हणाले, "बरोबर शे." त्यांच्या बोटाबरोबर चाल माझ्याही डोक्यात चालली होती; लॅपटॉपचा आवाज बंदच होता, हे तेव्हा लक्षात आलं. मी काही बोलले नाही. एवढा आनंदाने बसलेला माणूस, त्याला कसं सांगायचं? त्याच महिन्यात झोपेतच गेले नाना.

नंतर मी ती चाल नीट ऐकली. तिसऱ्या ओळीत एक स्वर टोचतो. तो नानांचा की माझ्या बोटाची चूक, कळत नाही. वहीत त्या जागी बदक आहे.

परवा शिंदखेड्याचा एक बँड ते छापील कागद घेऊन गेला. आता ती चाल तशीच वाजेल, आणि ती चूक असेल तर नानांच्या नावावर लागेल. त्या दिवसांत स्पीकरला कान लावला की त्यांना अजून थोडं ऐकू यायचं. त्या संध्याकाळी मी एवढंच म्हणायला हवं होतं, "नाना, आवाज बंद होता, पुन्हा ऐका."