आठवीचा जिना

आधी कबूल करा, की हसणार नाही. निदान तोंडात चहाचा घोट असताना तरी नाही! कारण हा पराक्रम माझा स्वतःचा आहे, आणि त्याला अख्खी शाळा साक्षीदार होती.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची दोनचार वर्षं धरा. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका शाळेत मी नुकताच हेडमास्तर झालो होतो. इमारत भाड्याची. खाली सुताच्या व्यापाऱ्याचं गोदाम आणि माझी खोली. वर्ग सगळे माडीवर. मधे अठरा पायऱ्यांचा चिंचोळा जिना, त्यात एक वळण.

हेडमास्तर झाल्यावर मी दोन गोष्टी केल्या. एक शिसवी काठी घेतली, निव्वळ रुबाबासाठी! आणि खुर्चीतून उठणं बंद केलं. टेबलावरची घंटी वाजवली की ज्याला बोलवायचं तो खाली यायचा. माझ्या आधीचे हेडसर असंच करायचे, त्यांच्या आधीचेही. हेडसर खालीच बसतो, हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. पण सूर्य पूर्वेला उगवतो, हे तरी कुणी शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवतं का?

जूनमध्ये सरोजा आली, आठवीत प्रवेश घ्यायला. पोलिओनं डावा पाय गेलेला, लोखंडी पट्ट्यांचा बूट, काखेत कुबडी. मार्क बघितले आणि मी चाटच पडलो. वडील मागावर विणकर, आई घरी बिड्या वळणारी. आई तोंडावर सांगून मोकळी झाली.

"हेडसर, आठ दिस बगते. जिना जमला तर ठीक. न्हायतर पोरगी बसंल माझ्यासंगं बिड्या वळत."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी खुर्चीतूनच, काठीवर हात ठेवून, भारदस्त आवाजात म्हणालो, "बाळ, काळजी करू नकोस. तुझी अडचण मला समजते."

तिनं टेबलाखाली माझ्या पायांकडं बघितलं. मग काठीकडं. आणि हळूच म्हणाली, "व्हय सर. तुमाला न्हाय समजणार तर कुनाला?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो! म्हटलं, बघा, पहिल्याच भेटीत पोरीनं माणूस ओळखला.

पहिले चार दिवस दोन मैत्रिणी तिला धरून वर न्यायच्या. पाचव्या दिवशी तिघीही घसरल्या. लागलं फारसं नाही, पण बातमी घरी पोचली. मी तातडीनं वळसंगच्या सिद्धाप्पा गवंड्याला बोलावलं.

"सिद्धाप्पा, जिन्यावरून उतार काढायचा. पोरगी आरामात चढली पाहिजे."

त्यानं सुतळी धरली, इकडून तिकडं फिरला आणि डोकं खाजवलं. "काढतो की. पर आरामात चढायचं तर उतार लई लांब हुतोय. गेटातनं भाईर जाईल, रस्ता वलांडंल आन् समोरच्या हॉटेलात निगंल."

"मग आखूड कर!"

"आखूड केला तर घसरगुंडी हुतीया. बाकीची पोरं खूश हुतील, ती गोष्ट निराळी."

सिद्धाप्पाला चहा पाजून वाटेला लावलं. रविवारी विचार करकरून माझं डोकं शिणलं, आणि अचानक सुचली डोली! लाकडी खुर्ची घ्यायची, दोन बाजूंना दोन वेळू बांधायचे, चौघांनी उचलायचं. एवढी साधी गोष्ट आजवर कुणाला कशी सुचली नाही, याचं मला आश्चर्य वाटत होतं. ज्या पोरीला बसवायचं तिला विचारावं, हे मात्र मला सुचलं नाही.

सोमवारी आठवा दिवस. आई संध्याकाळी नाव काढायला येणार होती. सकाळीच शिपाई काशीनाथ आणि तीन मास्तर डोलीला खांदा द्यायला उभे राहिले. तेवढ्यात कवायतीचे मास्तर म्हणाले, "सर, आधी वजनाची चाचणी नको? तुम्हीच बसा. तुम्ही पेललात, तर पोरगी म्हणजे कापूस!"

बसलो. काय करणार? काठी मांडीवर आडवी घेतली आणि निघाली माझी मिरवणूक. आठ पायऱ्या झकास. नवव्या पायरीला वळण आलं, आणि वेळू भिंतीत अडकले. वर जाईनात, खाली येईनात! पुढचे दोघे भिंतीला चिकटलेले, मागचे दोघे घामाघूम, आणि मधे मी, तिरपा. खाली सगळी आठवी जमलेली, वरून बाकीची शाळा डोकावत होती.

पोरं फिदीफिदी हसायला लागली. त्यांच्यावर सरोजा कडाडली, "गप ऱ्हावा! हसायला काय झालं? ज्याचं दुकनं त्याला ठावं!" मग मला म्हणाली, "सर, घाबरू नगा. आदी तुमाला वर न्हेऊ द्या. मी थांबते की."

काय हो पोरीचा विनय, असं माझ्या मनात येतंय न येतंय तोच वेळू कडाडला. मी काठी टाकली, खुर्चीच्या दांड्यावरून उडी मारली आणि तीनतीन पायऱ्या गाळत थेट खाली! सरोजापुढं येऊन उभा राहिलो.

तिचा आ वासलेला. "सर! तुमाला चालता येतंय?"

"चालता? अगं, कॉलेजात लांब उडीत बक्षीस आहे मला!"

"मग तुमी खाली का बसता?"

सांगा! तुम्ही सांगा, काय उत्तर देणार? एवढी वर्षं मुलांना प्रश्न विचारत आलो, पण असा सोपा प्रश्न मला कुणी घातला नव्हता.

"मला वाटलं, तुमाला बी जिना जमत न्हाय," ती चाचरत म्हणाली. "म्हणून ती खोली दिल्याली. पयल्याच दिशी मी आईला म्हनलं हुतं, तितं आमचा वर्ग मावतोय. तर आई म्हनली, गप बस. त्या बिचाऱ्याची खोली मागू नगं."

'बिचारा' म्हणजे मी बरं का!

पोरं हसली, मास्तर हसले, काशीनाथ तर भिंतीला टेकून खाली बसला. शेवटी मीही हसलो, अगदी पोट धरून. मधल्या सुट्टीच्या आत माझं टेबल माडीवर गेलं आणि आठवीचे बाक खाली आले. खोलीच्या दाराला दोन पायऱ्या होत्या, तेवढ्यासाठी सिद्धाप्पाला पुन्हा बोलावलं. हा उतार गेटापर्यंतसुद्धा गेला नाही! सरोजा त्यावरून विनाकारण चार वेळा वरखाली करून आली.

संध्याकाळी तिची आई आली. मी माडीवरून धाडधाड जिना उतरून सांगायला धावलो, की नाव काढू नका, तुमची पोरगी आता थेट मॅट्रिकच होणार.

बाईचं माझ्या बोलण्याकडं लक्षच नव्हतं. माझ्या पायांकडं बघत तिनं दोन्ही हात जोडले.

"देवच पावला म्हनायचा! सर, पाय बरं झालं व्हय तुमचं?"

"हो बाई," म्हटलं, "तुमच्या पोरीनं बरे केले."