दोन टोपल्या

चहा दुसऱ्यांदा गरम होत होता आणि काका चष्मा शोधत होते. चष्मा कपाळावरच होता. काकूंना तो केव्हाच दिसला होता. पण सकाळची ही फुकटची करमणूक त्या लवकर संपवत नसत. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

मत्स्य संशोधन केंद्रातल्या बाई आल्या होत्या. काकांनी बंदरावर कारकून असताना अठ्ठावीस वर्षं भरलेल्या माशांच्या नोंदवह्या त्यांनी पानन् पान वाचल्या होत्या. त्यांनी टेबलावर दोन फोटो मांडले. दोन्ही गिटारमासे: पुढून चपटे, मागून शार्कसारखे.

"काका, हे दोन्ही तुम्ही एकाच नावाखाली लिहिलेत. ह्याचं नाकाड टोकदार, पाठीवर फिकट ठिपके. ह्याचं बोथट आणि अंग साधं. जवळचे असले तरी प्रकार वेगळे. दोन्ही संपत चाललेत, पण ठिपक्यांचा तर सहा वर्षांत एकदाही सापडला नाही. तो कधीपासून कमी होत गेला, हे फक्त तुमच्या वह्यांतून कळलं असतं."

"ठिपक्यांची ती मादी ना?"

"नाही हो. दोन्हींत नर-मादी असतात."

स्वयंपाकघरात पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं गेलं. काकू दारात आल्या. त्याच बंदराच्या धक्क्यावर त्यांनी वीस वर्षं मासे निवडले होते.

"पिल्लं दोघींच्या पोटात निघायची. म्हणून तर मी टोपल्या दोन करायचे. पण ह्या साहेबांच्या कागदावर रकाना एकच."

काकांना ती सकाळ लख्ख आठवली. दोन टोपल्या बघून ते म्हणाले होते, "अगं, नवरा-बायकोला कशाला वेगळं करतेस?" सगळा धक्का हसला. काकूही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून टोपली एकच झाली. आपला विनोद किती जमला, म्हणून ते तेव्हा खूश होते.

"साधारण आकडे आठवतील?" बाईंनी विचारलं.

काकांनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. "नाही. आता अंदाजानं लिहिलं तर ती आणखी एक चूक."

काकूंनी काकांच्या कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि चहा पुढे सरकवला.

बाई उठल्या तेव्हा काका दारापर्यंत गेले.

"एक कराल? माझ्या वह्यांबद्दल जिथं लिहाल, तिथं एवढं लिहा. मासे निवडणाऱ्या बाईनं दोन्ही वेगळे ठेवले होते. कारकुनानं एकत्र केले."