भट्ट्या तपासणारे मास्टरजी

ओव्हनचं दार उघडलं की ते आधी आपला उजवा हात आत घालायचे. उघडा, नुसता हात. आणि मोजायचे, "एक, दोन, तीन..." आमच्या फरीदाबादच्या कारखान्यात बाकी सगळा कारभार हिंदीत चाले, पण हे आकडे मराठीत. सहापर्यंत हात टिकला तर नानखटाईचा ताव, चारलाच बाहेर काढावा लागला तर पावाचा. मग खिशातला चष्मा नाकावर चढवून ते थर्मामीटर बघायचे आणि म्हणायचे, "हं. काटाही बरोबर आहे."

काट्याला असं प्रशस्तिपत्र देणारी माणसं तुम्हीही कुठेतरी पाहिली असतील. आमच्याकडचे हे टेस्टिंग रूमचे प्रमुख होते. मूळचे मिरजेकडचे, आयटीआय करून ऐन तरुणपणी इकडे आले आणि इथलेच झाले. कामगार त्यांना मास्टरजी म्हणत. मी काका म्हणायचे. ते मला मॅडम म्हणायचे, आणि त्यात थोडी चेष्टा असायची.

कारखान्यात घरगुती ओव्हन बनत आणि बेकऱ्यांचे मोठेही. त्यांची माहितीपत्रकं आणि वापराच्या पुस्तिका लिहायचं काम माझं. ही माझी पहिली नोकरी. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे मी दिल्लीतच वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. कागदावर मला सगळं लिहिता येई. माणसांसमोर बोलताना मात्र आवाज पार बारीक व्हायचा. मीटिंगमध्ये मालकांनी काही विचारलं तर माझं उत्तर शेजारचा माणूस मोठ्यानं परत सांगायचा.

पहिल्याच आठवड्यात मी घरच्या आणि बेकरीच्या ओव्हनची तुलना करणारा एक तक्ता बनवून त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो लांब धरून पाहिला.

"मॅडम, सगळ्यांपुढे नुसतं 'हीट' लिहिलंय. हीट काय एकच असते?"

मी पेन काढलं.

"या इकडे." त्यांनी मला घरगुती ओव्हनपुढे उभं केलं. "ही वरची कांडी लाल होते ना, तिची झळ लागते. केक वर काळा, आत कच्चा. म्हणून घरी खालच्या खणात ठेवायचा." मग बेकरीची दगडी तळाची भट्टी. "ही धग. गॅस बंद केला तरी पोटात धरून ठेवते. पाव खालून भाजतो तो हिच्यामुळे." शेवटी माणूस उभा मावेल एवढा ट्रॉलीचा ओव्हन. "आणि हा नुसता गरम वारा. शंभर टोस्ट एकसारखे करील, पण मऊ केक याच्या हवाली करू नका. सुकवून टाकेल."

झळ आणि धग यांत फरक असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. आमच्या घरी सगळंच 'गरम' असायचं.

प्रत्येक नव्या ओव्हनमध्ये ते पांढऱ्या ब्रेडचे तुकडे ओळीनं मांडत. कुठला किती भाजतो त्यावरून आतली उष्णता कुठे जास्त, कुठे कमी, ते कळायचं. दुपारी चारला अख्खा कारखाना ते टोस्ट चहात बुडवून खाई. जळलेले ते स्वतःच्या बशीत ओढून घेत. "काळे माझे. दात तुमचे शाबूत राहू देत."

तपासणी झाली की ओव्हनसोबत जाणाऱ्या सूचनांच्या कार्डावर सही. त्यांची सही झाल्याशिवाय ओव्हन गेटबाहेर जात नसे. मालक घाई करायला लागले तर ते सरळ पेन पुढे करायचे. "लो साहब, आप कर दो." मालक कधीच ते पेन घेत नसत.

माझी चूक झाली ती घरच्या आणि बेकरीच्या ओव्हनमध्ये. घरच्या विजेच्या ओव्हनचं कसं असतं, दार बंद करायचं, बटण फिरवायचं, दहा मिनिटं तापू द्यायचा. गॅसच्या भट्टीचं नेमकं उलट. आधी दार उघडं टाकायचं, आत साठलेला गॅस जाऊ द्यायचा, मग पेटवायचं, आणि जाळ स्थिर झाल्यावरच दार लावायचं. दार बंद करून गॅस सोडला आणि मग ठिणगी दिली, तर समोरच्या माणसाचं काय होईल हे सांगायला नको.

मी दोन्ही पुस्तिका एकाच साच्यातून बनवल्या. गॅसच्या भट्टीतही पहिली पायरी तशीच राहिली, 'दार बंद करा'. भट्टीशेजारी टांगायच्या कार्डावर हिंदीतही तेच छापलं गेलं. त्या खेपेला चार भट्ट्या जायच्या होत्या. काकांनी चारही नीट तपासल्या, सह्या केल्या. गुरुवारी भट्ट्या गेल्या.

शनिवारी संध्याकाळी घरी फाइल चाळताना ती ओळ मला दिसली.

मी फोन हातात घेतला. मेसेज लिहिला, पुसला. परत लिहिला. आईनं जेवायला हाक मारली तेव्हा मी फोन उशीखाली सरकवला. मनाला सांगितलं, उद्या रविवार, बेकऱ्या बंद असतील, भट्टी बसवायला गेलेला फिटर तोंडी सांगून आलाच असेल. हे मी स्वतःला दीड दिवस सांगत होते.

सोमवारी सकाळी मी टेस्टिंग रूममध्ये गेले. कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि त्या ओळीवर बोट टेकवलं. त्यांनी ओठ हलवत वाचलं. मग उठून खोलीतले सगळे ओव्हन बंद केले, एकेक करून, जणू तिथेच गॅस साठला होता.

"कधी कळलं?"

"शनिवारी."

त्यांनी लगेच फोन उचलला.

तीन ठिकाणी फोन लागला. दोन भट्ट्या अजून खोक्यात होत्या. तिसरीचा बेकरीवाला जुना जाणता, हसून म्हणाला, "मास्टरजी, कार्ड कौन पढ़ता है?" चौथी भट्टी कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका कचेरीच्या कॅन्टीनमध्ये होती. तळघरातलं स्वयंपाकघर. मॅनेजरचा फोन बंद. फिटर म्हणाला, "आज ही पहली बार जलाएँगे. लंच में कोई बड़ी मीटिंग है. बावर्ची नया है, कहता था कार्ड देखकर कर लूँगा."

कंपनीची गाडी काढली. बदरपूरपर्यंत रस्ता मोकळा होता, दिल्लीत आश्रम चौकाशी सगळं थांबलं. काका दर मिनिटाला तोच नंबर लावत होते. काच खाली करून पुढचे सिग्नल बघत. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मला वाटत होतं, त्यांनी एकदा रागवावं, म्हणजे निदान श्वास तरी सुटेल.

"मॅडम," ते अचानक म्हणाले, "आवाज आहे ना तुम्हाला?"

"हो."

"मग आज लागेल तो."

गेटवर गार्डनं रजिस्टर पुढे केलं. पास नाही, आत कुणाचा फोन नाही, तर प्रवेश नाही. काका हात जोडून सांगत होते, "भैया, गैस का मामला है." गार्ड त्यांच्या तेलकट खाकी कोटाकडे बघून म्हणाला, "सब यही कहते हैं. सर्विस गेट से आओ, उधर से पास बनेगा."

काका माझ्या कानाशी म्हणाले, "इंग्रजीत बोल. तुला सोडतील." त्या दिवशी पहिल्यांदाच ते मला 'तू' म्हणाले.

मी इंग्रजीत दोन वाक्यं बोलले. काय बोलले आठवत नाही. गार्ड बाजूला झाला. "आप जाइए मैडम. अंकल जी एंट्री करके आएँगे."

मी जिना उतरले. खालीच तो वास आला.

दोन-तीन पोरं भाज्या चिरत होती आणि बावर्ची भट्टीसमोर ओणवा झाला होता. शेजारी खिळ्याला माझं कार्ड टांगलेलं. भट्टीचं दार घट्ट बंद. पेटवण्याच्या भोकाशी त्यानं लायटर धरला होता आणि तो पेटत नव्हता. टक. टक. "साला नया लाओ कोई," तो मागे न बघताच ओरडला.

"रुकिए," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. मलाच नीट ऐकू आलं नाही.

मी धावत जाऊन त्याच्या मुठीवर दोन्ही हात दाबले. तो दचकला, चिडला. "अरे! पागल हो क्या? कौन हो आप?" मी मूठ सोडली नाही. त्यानं हिसका दिला, तरी सोडली नाही. बोलता मात्र काही येत नव्हतं. किती वेळ गेला असेल? कदाचित दहाच सेकंद.

मग जिन्यावरून काकांचा आवाज आला. एवढा मोठा आवाज त्यांच्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

"कोई बटन मत छूना! पंखा भी नहीं! सब बाहर!"

त्यांनी भिंतीवरचा गॅसचा मुख्य कॉक बंद केला, आमच्या सगळ्यांकडे पाठ करून बाजूला उभं राहून भट्टीचं दार उघडलं, आणि आम्हाला ढकलत वर अंगणात आणलं. तिथे सगळे उभे राहिलो. बावर्ची पायरीवर बसला. त्याला आता कुठे समजत होतं. "मेरी बीवी आज सुबह कह रही थी, छुट्टी ले लो," तो म्हणाला आणि विचित्र हसला.

तळघरातली हवा मोकळी झाली तेव्हा काका खाली गेले. कार्ड काढून चार तुकडे केले. मग भट्टी स्वतः पेटवून दाखवली, आणि नंतर बावर्चीकडून तीनदा पेटवून घेतली. "गलती कार्ड की थी, तुम्हारी नहीं," त्याला म्हणाले. "और कार्ड हमारा है."

परत येताना गाडीत मी रडले. त्यांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "रुमाल आहे का? माझा ग्रीसचा आहे."

संध्याकाळी मालकांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. कॅन्टीनमधून तक्रार आली होती.

"यह लिखा किसने?" मालकांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी काका म्हणाले, "साइन मेरा है, साहब."

"मैं पूछ रहा हूँ, लिखा किसने?"

"साइन के बाद लिखने वाला कोई नहीं रहता. मैंने पास किया, बस."

मी गालिच्याकडे बघत राहिले. एक वाक्य होतं माझ्याकडे, तीनच शब्दांचं. ते मी गिळलं.

काका निवृत्तीनंतर वाढवून दिलेल्या मुदतीवर काम करत होते. ती मुदत पुढे वाढली नाही. महिनाअखेरीस त्यांना निरोप द्यायचं ठरलं. त्या संध्याकाळी केबिनमधून बाहेर पडताना मी जिन्यात त्यांना अडवलं. "काका, मी सांगते त्यांना."

"तुझी ही पहिली नोकरी आहे," ते म्हणाले. "माझी शेवटची. गप जाऊन काम कर."

आणि मी गप्प राहिले. तीन आठवडे.

निरोपाच्या दिवशी शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. समोसे, हार, शाल. मालक चांगलं बोलले. शेवटी हसत म्हणाले, "इतने सालों में मास्टरजी से एक ही चूक हुई." लोकही हसले. काकाही हसले, मान खाली घालून, गळ्यातला हार सावरत.

मला ते हसणं बघवेना. मी उभी राहिले.

"चूक मेरी थी," मी म्हणाले. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असावं, कारण सगळे वळले. "कार्ड मैंने लिखा था. मुझे शनिवार को पता चल गया था, और मैं चुप रही."

खुर्चीची पाठ घट्ट धरून मी उभी राहिले. मालक टेबलावरच्या शालीकडे बघत होते. काका ताडकन उठले. चेहरा लाल. मला वाटलं, आता तरी रागवतील.

"ती खरं बोलतेय," ते मालकांना म्हणाले, पण मराठीत, इतके ते गडबडले होते. मग स्वतःलाच सावरत हिंदीत, "पर आधा. मैंने पढ़े बिना साइन किया था. लोहा जाँचा, कागज नहीं जाँचा. सोचा, अंग्रेज़ी स्कूल की लड़की है, गलत क्या लिखेगी." आणि बसले. समोशांवरचा कागद पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होता.

माझी नोकरी गेली नाही. त्यांची मुदतही परत मिळाली नाही. मालक मला एवढंच म्हणाले, "पहले बोलना था." बरोबर होतं ते.

काका मुलीकडे सांगलीला गेले. पहिल्या दिवाळीला फोन केला तेव्हा म्हणाले, "इथे घरचा ओव्हन आहे, छोटा. नातवंडं मला हात लावू देत नाहीत." दुसऱ्या दिवाळीला मुलीनं फोन उचलला. तिच्या आवाजावरूनच मला कळलं.

आता टेस्टिंग रूममध्ये दुसरे आहेत. चांगले आहेत, पण हात आत घालत नाहीत. नवी पुस्तिका छापायला जाण्याआधी मी ती घेऊन तिथे जाते. ही पद्धत कुणी ठरवली नाही, मीच सुरू केली. मी एकेक पायरी मोठ्यानं वाचते आणि ज्यानं ती भट्टी कधी हाताळलेली नाही असा कुणीतरी, कधी पॅकिंगमधला, कधी हिशेबातला, मी वाचते तेवढंच करतो. त्यांना कंटाळा येतो. "मैडम, इतना तो हमें पता है यार," म्हणतात.

"पता है, तो भी," मी म्हणते. आणि त्यांचा हात ती पायरी पुरी करून खाली येईपर्यंत पुढची ओळ वाचत नाही.